रिपोर्ट नॉर्मल, तरी निचरा मंद

पंचाहत्तरीच्या पुढच्या एखाद्या निरोगी माणसाची लिव्हर फंक्शन टेस्ट करून पाहिली, तर बहुतेक वेळा सगळे आकडे मर्यादेतच येतात. बिलिरुबिन ठीक, एसजीपीटी ठीक, अल्ब्युमिन जरासं खाली, पण काळजी करण्यासारखं नाही. घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात, ‘लिव्हर उत्तम आहे’ असं सांगितलं जातं आणि पुढची गोळी तिशीतल्या माणसाला जितकी द्यावी तितक्याच मात्रेत लिहिली जाते. गफलत होते ती इथे. रिपोर्ट खोटा नसतो, पण या वयात यकृताला जे विचारायला हवं ते या चाचणीत विचारलेलंच नसतं.

एसजीपीटी आणि एसजीओटी ही यकृताच्या पेशींमधली विकरं. पेशींना इजा झाली की ती रक्तात उतरतात, म्हणून त्यांचा आकडा इजेबद्दल सांगतो. अल्ब्युमिन हे यकृताने तयार केलेलं प्रथिन, त्यामुळे तो आकडा उत्पादनाचा. निचऱ्याबद्दल काही सांगतं ते बिलिरुबिन, आणि तेही फार उशिरा. कारण यकृताजवळ रोजच्या गरजेच्या कितीतरी पट क्षमता राखीव असते. १९३१ साली हिगिन्स आणि अँडरसन यांनी उंदरांच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग काढून टाकला, तरी प्राणी जगले आणि यकृत काही दिवसांत पुन्हा पूर्वीच्या आकाराकडे वाढलं. एवढी शिल्लक असलेला अवयव थोडा मंदावला म्हणून बिलिरुबिन वाढत नाही.

यकृत रक्तातून एखादी गोष्ट किती वेगाने उचलतं, हे मोजायची चाचणी आहे. इंडोसायनिन ग्रीन नावाचा हिरवा रंग शिरेतून देतात. तो फक्त यकृतच उचलतं आणि पित्तावाटे टाकतं. पंधरा मिनिटांनी रक्तात किती रंग उरला ते पाहायचं. निरोगी माणसात तो दहा टक्क्यांच्या आत असतो. यकृताच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया करण्याआधी किती भाग काढता येईल हे ठरवायला शल्यविशारद ही चाचणी वापरतात. ज्येष्ठांच्या नेहमीच्या हेल्थ चेकअपमध्ये मात्र ती नसते.

आता रक्ताची वाट पाहू. यकृतातून दर मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त वाहतं, म्हणजे हृदय बाहेर टाकतं त्याच्या जवळपास चौथा हिस्सा. त्यातलं पाऊण रक्त थेट हृदयाकडून येत नाही; ते आतड्यांवरून पोर्टल शिरेतून येतं. त्यात चरबी सोडून बाकीचं पचलेलं अन्न असतं, गिळलेलं औषध असतं, आतड्यातल्या जिवाणूंनी तयार केलेला अमोनिया असतो आणि मेलेल्या जिवाणूंच्या कवचांचे तुकडेही असतात. हे सगळं उरलेल्या शरीरात पोचण्याआधी यकृतातून जातं. अमोनियाचा युरिया होतो (ही साखळी हान्स क्रेब्स आणि कुर्ट हेन्सलाइट यांनी १९३२ मध्ये उलगडली) आणि तो युरिया मूत्रपिंडं बाहेर टाकतात. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगून मोडतात आणि त्यांच्यातून रोज अडीचशे ते तीनशे मिलिग्रॅम बिलिरुबिन तयार होतं. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून यकृत त्याला ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडून विरघळणारं बनवतं आणि पित्तात सोडतं. कामाची ढोबळ वाटणी अशी: पाण्यात विरघळणारा कचरा मूत्रपिंडांकडे, आणि चरबीत विरघळणारा किंवा प्रथिनांना चिकटून फिरणारा यकृताकडे. निरोगी म्हातारपणात अमोनिया आणि बिलिरुबिन या दोन्हींचं काम चांगलं चालू राहतं. रिपोर्ट नॉर्मल येतो तो त्यामुळेच.

मग म्हातारं काय होतं? यकृताच्या पेशी, असं कुणालाही वाटेल. पण २०२२ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेन इथल्या ओलाफ बर्गमान यांच्या गटाने जे दाखवलं ते थक्क करणारं आहे. १९५० आणि ६०च्या दशकांत झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ वाढला आणि नंतर तो हळूहळू उतरत गेला. पेशी जन्मते त्या वर्षीच्या हवेतलं प्रमाण तिच्या डीएनएत नोंदलं जातं. ही नोंद वाचून वीस ते चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसांच्या यकृतपेशींचं वय काढलं, तर ते सरासरी तीन वर्षांहूनही कमी निघालं. माणूस विशीतला असो वा ऐंशीतला, फरक जवळजवळ नाही. एका प्रकारच्या पेशी, ज्यांच्यात गुणसूत्रांचे जादा संच असतात, त्या तेवढ्या दहा वर्षांपर्यंत टिकतात. अमेरिकेतल्या प्रत्यारोपणाच्या नोंदीही हेच सुचवतात. १९९० ते २०२२ या काळात बसवलेल्या अडीच लाखांहून अधिक यकृतांपैकी २५ यकृतांनी दात्याच्या आणि रुग्णाच्या शरीरातली वर्षं मिळून शंभरी गाठली. ते दाते सरासरी ऐंशीच्या पुढचे होते.

पेशी अशा ताज्या राहतात. म्हातारपण येतं ते त्यांच्यापर्यंत रक्त पोचवणाऱ्या व्यवस्थेला. लेखाचा जीव या एका गोष्टीत आहे.

पहिला फरक साधा आहे: यकृत लहान होतं आणि त्यातून वाहणारं रक्त कमी होतं. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल इथे १९८९ मध्ये २४ ते ९१ वयाच्या ६५ निरोगी माणसांची यकृतं अल्ट्रासाउंडने मोजली आणि वर सांगितलेल्या हिरव्या रंगाने रक्तप्रवाह मोजला. वाढत्या वयाबरोबर दोन्ही घटत गेले. असे अभ्यास पुढेही झाले. वृद्धापकाळापर्यंत आकारात २० ते ४० टक्के आणि रक्तप्रवाहात साधारण ३५ ते ५० टक्के घट होते, असा आज सर्वमान्य अंदाज आहे. न्यूकॅसलमधली माणसं आजारी नव्हती, हे लक्षात ठेवायला हवं.

दुसरा फरक डोळ्यांना दिसत नाही, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. यकृतातल्या केशवाहिन्या शरीरातल्या इतर केशवाहिन्यांसारख्या बंदिस्त नसतात. त्यांची भिंत अतिशय पातळ पेशींची असते आणि त्या पेशींना आरपार छिद्रं असतात. एकेक छिद्र ५० ते १५० नॅनोमीटरचं, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाच्या आसपास. छिद्रं पुंजक्यांनी असतात आणि भिंतीमागे इतर ठिकाणी असतो तसा आधारपडदाही नसतो. तांबडी पेशी यातून जात नाही. ती याच्या पन्नास पटींहून मोठी. रक्तातला द्रव, त्यातली प्रथिनं, औषधं, चरबीचे छोटे कण मात्र सहज पलीकडे जातात आणि यकृतपेशींना थेट भिजवतात. ही खरोखरची चाळणी आहे. १९७० मध्ये एडी विस्से यांनी उंदराच्या यकृतात ऊती स्थिर करणारा द्रव रक्तवाहिन्यांतूनच सोडला आणि मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेव्हा ही छिद्रं प्रथमच नीट दिसली. त्याआधीच्या पद्धतींत नाजूक भिंत फाटून जायची आणि भोक खरं की फाटल्याचं, हे कळायचं नाही.

वयानुसार या चाळणीचं काय होतं, हा प्रश्न सिडनीच्या डेव्हिड ल कुटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावून धरला. २००१ मध्ये उंदरांत आणि २००३ मध्ये माणसांत त्यांना सारखंच चित्र दिसलं. म्हातारपणी भिंत दीडपटीच्या आसपास जाड होते, छिद्रं ढोबळमानाने निम्मी उरतात आणि जिथे आधारपडदा नसायचा तिथे त्याचे तुकडे आणि कोलॅजनचे धागे दिसू लागतात. यकृताची केशवाहिनी हळूहळू साध्या केशवाहिनीसारखी होऊ लागते. सिऱ्होसिसमध्ये असाच, पण कितीतरी तीव्र बदल होतो. इथे आजार नाही, दारू नाही, कावीळ नाही. फक्त वय आहे.

याचा पहिला फटका चरबीला बसतो. जेवणातली चरबी मोठ्या कणांच्या रूपात रक्तात येते, वाटेत स्नायू आणि मेदपेशी तिच्यातला बराचसा भाग घेतात आणि उरलेले छोटे कण यकृताने उचलायचे असतात. ते छिद्रांतून जातील अशाच आकाराचे झालेले असतात. छिद्रंच कमी झाली की हे कण रक्तात रेंगाळतात. म्हाताऱ्या माणसांत जेवणानंतर ट्रायग्लिसराइड जास्त वेळ चढी राहतात, त्याचं हे एक कारण असावं असं ल कुटर यांचं म्हणणं आहे. रक्तवाहिन्यांच्या विकाराचा धागा यकृताच्या चाळणीपर्यंत नेणारा हा विचार मला फार मोलाचा वाटतो. आपण कोलेस्टेरॉलची चर्चा तुपाच्या चमच्यापाशी थांबवतो.

ऑक्सिजनचं कोडं त्याहून सुंदर आहे. यकृत औषध मोडतं ते ढोबळमानाने दोन टप्प्यांत. पहिल्या टप्प्यात सायटोक्रोम पी-४५० गटातली विकरं औषधाच्या रेणूवर ऑक्सिजनची प्रक्रिया करतात. दुसऱ्या टप्प्यात त्याला ग्लुक्युरॉनिक आम्लासारखं काही जोडून विरघळतं केलं जातं. म्हातारपणी पहिला टप्पा मंदावतो, दुसरा बहुतेक शाबूत राहतो, हे औषधशास्त्राला जुनंच माहीत. पण वृद्धांच्या यकृताचे नमुने घेऊन परीक्षानळीत तपासले, तेव्हा अनेक प्रयोगांत पहिल्या टप्प्याची विकरंही ठीकठाक काम करताना आढळली. विकर चांगलं आहे तर शरीरात काम का मंदावतं? ल कुटर आणि अ‍ॅलन मॅक्लीन यांनी १९९८ मध्ये सुचवलेलं उत्तर असं: पहिल्या टप्प्याला थेट ऑक्सिजन लागतो, आणि जाड झालेल्या भिंतीतून तो पेशीपर्यंत पुरेसा पोचत नसावा. परीक्षानळीत भिंत नसते, म्हणून तिथे अडचण दिसत नाही. हे अजून गृहीतकच आहे. पण पेशी तरुण आणि काम मंद हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं, याचा त्यातून अर्थ लागतो.

चाळणीच्या या भिंतीतल्या पेशी स्वतःही सफाई करतात. त्यांच्या शेजारी कुप्फर पेशी असतात. त्या जिवाणूंसारखे मोठे कण गिळतात, तर भिंतीच्या पेशी रक्तात विरघळलेला सूक्ष्म कचरा उचलतात. नॉर्वेतल्या ट्रॉम्सो इथे बोर्ड स्मेडस्रोड आणि त्यांचे सहकारी दशकानुदशकं यावरच काम करत आले आहेत. सांध्यांत आणि कातडीत असणाऱ्या हायल्युरोनिक आम्लाचंच पाहा. मोठ्या माणसाच्या अंगात ते सुमारे १५ ग्रॅम असतं आणि त्यातला तिसरा हिस्सा रोज मोडून नव्याने बनतो. त्यातलं जे रक्तात उतरतं, त्याचा निम्मा भाग काही मिनिटांतच नाहीसा होतो आणि तो उचलण्यात मोठा वाटा या पेशींचा असतो. साखर चिकटून खराब झालेली प्रथिनं आणि जुन्या कोलॅजनचे अवशेषसुद्धा त्याच उचलतात. म्हाताऱ्या उंदरांच्या पेशींत ही उचल घटलेली दिसते. माणसांत रक्तातलं हायल्युरोनिक आम्ल वयाबरोबर वाढतं.

हे उलटवता येतं का? कमी उष्मांकांच्या आहारावर वाढवलेल्या उंदरांमध्ये म्हातारपणीही छिद्रं पुष्कळ टिकून राहिल्याचं २००७ मध्ये दिसलं. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या अ‍ॅना मारिया क्वेर्वो यांनी दुसऱ्या बाजूने प्रयत्न केला. त्यांनी पेशीच्या आतली सफाई अभ्यासाला घेतली. खराब प्रथिनं पेशीतल्या पाचक पिशवीत ओढून घेणारा एक ग्राहक रेणू वयाबरोबर कमी होतो. तो कमी होणार नाही अशी जनुकीय सोय केलेल्या म्हाताऱ्या उंदरांच्या यकृताने स्नायू सैल करणारं एक औषध तरुण उंदरांच्याच वेगाने मोडलं. दोन्ही प्रयोग उंदरांवरचे आहेत. बाजारात ‘लिव्हर डिटॉक्स’ म्हणून विकली जाणारी पावडर किंवा सकाळचं कुठलंही पेय यातलं काही करतं, याचा पुरावा नाही. पोट सुटू न देणं, दारू टाळणं आणि फॅटी लिव्हर असल्यास वजन उतरवणं यांचा उपयोग मात्र निश्चित आहे, कारण यकृतात साठणारी चरबी वयामुळे होणाऱ्या नुकसानात भर घालते.

आता घरातल्या ज्येष्ठांचा औषधांचा डबा उघडा. त्यात झोपेची किंवा ‘शांत वाटायची’ म्हणून दिलेली एखादी गोळी बहुतेकदा सापडते. डायझेपाम घेऊ. उलरिख क्लोट्झ आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये मोजलं, तेव्हा विशीतल्या माणसाच्या शरीरात त्याची मात्रा निम्मी व्हायला सुमारे २० तास लागत होते आणि ऐंशीव्या वर्षी सुमारे ९०. सोमवारी रात्री दहाला गोळी घेतली, तर तरुणात ती मंगळवारी संध्याकाळी सहाला निम्मी होते. आजोबांच्या अंगात तीच गोळी निम्मी व्हायला शुक्रवारचे दुपारचे चार वाजतात. तोपर्यंत मंगळवार, बुधवार, गुरुवारच्या गोळ्या वर पडलेल्या असतात. शनिवारी पहाटे बाथरूमला जाताना तोल जातो, खुब्याचं हाड मोडतं, आणि ‘वयच झालं’ म्हणून विषय संपतो. या शेवटच्या वाक्याचा मला मनापासून राग आहे.

यात सगळा दोष यकृताचा नाही, हेही सांगायला हवं. वयाबरोबर अंगातलं चरबीचं प्रमाण वाढतं, डायझेपाम चरबीत मुरतं आणि तिथून सावकाश बाहेर येतं. क्लोट्झ यांच्या मोजणीत हेच मुख्य कारण निघालं होतं. पुढच्या अभ्यासांत, विशेषतः पुरुषांमध्ये, यकृताकडून होणारा निचराही मंदावलेला आढळला. लोराझेपाम आणि ऑक्साझेपाम थेट दुसऱ्या टप्प्याने मोडतात, म्हणून त्यांचा निचरा वयामुळे फारसा बिघडत नाही. तरीही मेंदूवरचा परिणाम आणि पडण्याचा धोका आहेच. त्यामुळे मार्क बिअर्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या, वृद्धांना टाळावयाच्या औषधांच्या यादीत हा सगळा गट आज आहे.

यकृताच्या रक्तप्रवाहावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असणारी औषधं वेगळी. प्रोप्रॅनोलॉल किंवा व्हेरापामिल तोंडाने घेतलं की आतड्यातून निघून पहिल्याच फेरीत त्याचा बराचसा भाग यकृतात मोडला जातो आणि उरलेलाच शरीराला मिळतो. गोळीवरचा मिलिग्रॅमचा आकडा हा हिशेब धरूनच ठरवलेला असतो. म्हातारपणी पहिल्या फेरीत कमी मोडतं, म्हणून त्याच गोळीतून जास्त औषध रक्तात पोचतं. मूत्रपिंडांसाठी ईजीएफआर नावाचा आकडा रिपोर्टवर छापून येतो आणि त्यावरून मात्रा कमी करता येते. यकृतासाठी असा आकडा नाही. इथे डॉक्टरला वय, वजन आणि अंगकाठी पाहून अंदाजच बांधावा लागतो, म्हणून लहान मात्रेने सुरुवात करून बेताबेताने वाढवायची पद्धत आहे.

पॅरासिटामॉल ज्येष्ठांसाठी वेदनाशामकांमध्ये त्यातल्या त्यात सुरक्षित. पण त्याचा थोडा भाग विषारी पदार्थात बदलतो आणि त्याला यकृतातलं ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य निष्प्रभ करतं. जेवण सुटलेल्या, चाळीस किलोच्या आजींकडे ग्लुटाथायोनचा साठाच कमी असतो. मोठ्या माणसाची दिवसाला चार ग्रॅमची कमाल मर्यादा त्यांच्यासाठी नाही. सर्दीच्या गोळीत, अंगदुखीच्या गोळीत आणि तापाच्या गोळीत तेच औषध असतं हेही कुणी सांगत नाही. क्षयाच्या औषधांबाबत तर आपल्याकडे विशेष जपायला हवं. भारतात औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजेचं ते एक प्रमुख कारण आहे आणि आयसोनायझिडचा हा धोका वयाबरोबर वाढतो.

काढे आणि चूर्णं डॉक्टरपुढे येतच नाहीत, कारण त्यांना घरात औषध मानलं जात नाही. कोविडच्या काळात रोज गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये यकृताची इजा आढळल्याचं मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने ते अमान्य केलं; वनस्पतीची ओळख पटवण्यात चूक झाली असावी आणि गुळवेल सुरक्षित आहे, असं मंत्रालयाचं म्हणणं होतं. वाद बाजूला ठेवला तरी वनस्पतीतली द्रव्यंही यकृतालाच मोडावी लागतात, आणि ती महिनोन्महिने रोज घेतली तर डॉक्टरांना सांगायलाच हवीत.

वृद्धांमध्ये औषधाने यकृत दुखावलं, तर सुरुवातीला कावीळ दिसेलच असं नाही. भूक मरते, मळमळतं, कमालीचा थकवा येतो, लघवी गडद होते, अंगाला खाज सुटते. अशा वेळी एसजीपीटीची चाचणी खरी उपयोगी पडते, कारण आता प्रश्न इजेचाच असतो. पण कुठल्या औषधाने ही इजा झाली, हे सांगणारी एकही रक्तचाचणी नाही. डॉक्टर ते ठरवतात मुख्यतः तारखांवरून: कुठली गोळी किंवा काढा कधी सुरू झाला, त्रास कधी जाणवला, बंद केल्यावर आकडे कधी उतरले. म्हणून डब्याच्या झाकणावर प्रत्येक नव्या औषधाची तारीख लिहून ठेवा, आणि तपासणीला जाताना तो डबा काढ्याच्या बाटलीसकट बरोबर न्या.